अंगात मुरलेला विषाणू आणि बाहेरून येणारा विषाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्या एका रिक्षावाल्या दादांनी ओपीडीत मला विचारलं होतं, "डॉक्टर, एक व्हायरस आत बसलाच आहे, मग दुसऱ्याला जागा उरते का हो?" बाहेर रांग होती, तरी मी पेन खाली ठेवलं. कारण हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना पडलेला आहे आणि त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. त्या दिवशी त्यांना जे सांगायचं राहून गेलं, ते आणि त्यानंतर इतरांनी विचारलेलं बरंच काही इथे लिहिते आहे.

अंगात मुरलेला विषाणू म्हणजे नक्की काय?

डेंगीचा किंवा फ्लूचा विषाणू येतो, आठ-दहा दिवस धुमाकूळ घालतो आणि मग शरीर त्याला पार हाकलून देतं. काही विषाणू मात्र एकदा आले की जात नाहीत. त्यातले काही झोपून राहतात. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू पाठीच्या कण्याशेजारच्या नसांच्या गाठींत वर्षानुवर्षं पडून असतो. ओठाच्या कडेला वारंवार फोड आणणारा हर्पिसचा विषाणू चेहऱ्याच्या नसांच्या गाठीत लपतो. एब्स्टाइन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही, प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवणाऱ्या बी-पेशींत राहतो आणि सायटोमेगॅलो, म्हणजे सीएमव्ही, रक्तपेशी जिथून तयार होतात तिथल्या पेशींत.

दुसरी जात कधीच झोपत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे उपचार नसतील तर रोज, दर तासाला, स्वतःच्या नव्या प्रती काढत राहतात. झोपलेला की जागा, हा फरक लक्षात ठेवा. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

असा एखादा विषाणू माझ्याही अंगात असेल का?

असेलच, आणि बहुधा एकाहून जास्त. भारतात सीएमव्ही ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांमध्ये आढळतो. ईबीव्हीचं प्रमाण जगभरच्या प्रौढांत तेवढंच आहे. म्हणून रिपोर्टमध्ये 'सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह' असं वाचून घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की हा विषाणू पूर्वी कधीतरी, बहुतेक तान्हेपणीच, भेटून गेला आहे आणि शरीराला त्याची ओळख आहे. गरोदरपणात सरसकट केलेल्या 'टॉर्च' तपासणीचं पान हातात घेऊन रडत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या पानावर बहुतेक वेळा एवढंच असतं.

एक विषाणू आत असला की दुसऱ्याला जागा राहत नाही, हे खरं का?

काही वेळा खरं आहे. एका विषाणूमुळे दुसऱ्याची वाढ अडते, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून दिसत होतं. १९५७ साली लंडनच्या मिल हिल भागातल्या संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पापुद्र्यावर उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा विषाणू ठेवला. त्या पापुद्र्यातून एक पदार्थ स्रवला आणि त्याने जिवंत विषाणूची वाढ रोखली. अडवणूक करणारा म्हणून त्याला इंटरफेरॉन हे नाव मिळालं. संसर्ग झालेली पेशी इंटरफेरॉन सोडते, म्हणजे शेजारच्या पेशींना 'दारं लावून घ्या' असा निरोपच धाडते.

मुरलेल्या विषाणूंमधलं मला सर्वांत विलक्षण वाटणारं उदाहरण पेगीव्हायरसचं. त्याला पूर्वी जीबीव्ही-सी म्हणत. तो माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षं राहतो आणि त्याच्यामुळे कुठला आजार होतो असं आढळलेलं नाही. २००१ साली जर्मनी आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी दाखवलं, की एचआयव्ही असलेल्या ज्या लोकांच्या रक्तात हा विषाणूही होता, ते इतरांपेक्षा जास्त काळ जगले. प्रयोगशाळेतल्या पेशींवर पाहिलं तेव्हा एक कारण हाती लागलं: एचआयव्हीला पेशीत शिरायला जो दरवाजा लागतो, तोच या विषाणूमुळे कमी उघडा राहतो. आज एचआयव्हीवर उत्तम गोळ्या आहेत, त्यामुळे उपचारांसाठी पेगीव्हायरसकडे पाहायची गरज नाही. पण रिक्षावाल्या दादांची शंका निव्वळ भाबडी नव्हती, हे सांगायला तो पुरेसा आहे.

मग प्रतिकारशक्ती 'थकते' असं म्हणतात, ते काय आहे?

इथे जरा सावकाश वाचा, कारण या विषयाचं मर्म इथेच आहे.

उंदरांमध्ये एलसीएमव्ही नावाचा एक विषाणू असतो. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये एरिक ट्राउब यांना दिसलं, की आईच्या पोटातच ज्या उंदरांना तो लागतो, ते तो जन्मभर अंगावर वागवतात. पुढे या विषाणूचे दोन वाण अभ्यासकांच्या हाती आले. 'आर्मस्ट्राँग' वाण टोचला की उंदीर आठवडाभरात खडखडीत बरा होतो. 'क्लोन १३' वाण टोचला की विषाणू महिनोन्महिने अंगात राहतो. दोन्ही वाणांच्या प्रथिनांमध्ये फरक आहे तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतका.

क्लोन १३ च्या उंदरांत विषाणूला मारणाऱ्या टी-पेशी असतात की नाही? असतात. विषाणू ओळखतातही, पण काम करत नाहीत. एकामागून एक हत्यारं खाली ठेवत जातात. यालाच टी-पेशींचं थकणं म्हणतात. २००६ साली अटलांटामध्ये मूळचे हैदराबादचे रफी अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की या थकलेल्या पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक दाबलेला असतो आणि तो सोडवला तर त्या पुन्हा कामाला लागतात. हा पीडी-१ जपानमधल्या क्योतोत तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडला होता. होंजोंना २०१८ चं नोबेल मिळालं ते याच ब्रेकवर बेतलेल्या कर्करोगाच्या उपचारांसाठी. आज मुंबई-पुण्यात कर्करोगाचे रुग्ण जी इम्युनोथेरपी घेतात, तिच्यामागे या उंदरांच्या विषाणूवरचं कामही आहे.

आता आपला मूळ प्रश्न. त्या एका विषाणूपुरतीच ही थकावट असती तर वेगळी गोष्ट. पण २००८ साली कॅलिफोर्नियात एलिना झुनिगा, मायकेल ओल्डस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरलेला एलसीएमव्ही असलेल्या उंदरांना दुसराच विषाणू टोचला, उंदरांचा सीएमव्ही. नवा विषाणू आला की सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त इंटरफेरॉन ओतणाऱ्या काही खास पेशी रक्तात असतात. या उंदरांत त्याच पेशी इंटरफेरॉन बनवू शकत नव्हत्या, आणि नव्या विषाणूचं फावलं. पुढे फिलाडेल्फियात असंही दिसलं, की मुरलेला संसर्ग चालू असताना दुसऱ्या, निरोगी उंदरातून आणलेल्या आणि त्या संसर्गाशी काहीही संबंध नसलेल्या टी-पेशी अशा उंदरात सोडल्या, तर त्यांनाही नीट, टिकाऊ स्मृती, म्हणजे एकदा भेटलेल्या जंतूची ओळख, तयार करता येत नाही. शेजाऱ्याच्या घरातल्या भांडणाने आपल्या मुलांचा अभ्यास बुडावा, तसंच हे.

२०१३ साली तर याहून चकित करणारी गोष्ट समोर आली. मुरलेला संसर्ग असलेल्या उंदरांत इंटरफेरॉनचा निरोप मुद्दाम अडवला, तर विषाणू वाढण्याऐवजी लवकर आटोक्यात आला. इंटरफेरॉन तर आपला रक्षक ना? हो, पण चार दिवसांचा. महिनोन्महिने तोच निरोप वाजत राहिला, की तोच बाकीच्यांना गप्प करतो. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. इथे फरक इतकाच, की लांडगा खरोखरच रोज येतो, आणि तरीही शेवटी गावकरी यायचे थांबतात.

हे उंदरांचं झालं. माणसांत असं कुठे दिसतं?

सर्वांत स्पष्ट दिसतं ते एचआयव्हीत. भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा आहे, म्हणून याबद्दल मी सविस्तर लिहिते.

एचआयव्ही थेट सीडी४ पेशींवर घाला घालतो. या पेशी म्हणजे बाकी सगळ्या फौजेला आदेश देणारे सुभेदार. निरोगी माणसात एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० हून जास्त असतात. उपचार नसतील तर वर्षागणिक त्या घटत जातात आणि २०० च्या खाली आल्या की बाकीचे मुरलेले विषाणू एकेक करून जागे होतात. ९० टक्के लोकांत निमूट झोपलेला सीएमव्ही डोळ्याच्या पडद्यावर हल्ला करतो. "डोळ्यासमोर माश्या उडतात" असं म्हणत एक शिक्षिका आल्या होत्या, चष्म्याचा नंबर बदलायचा म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आत पाहिलं तर पडदा पांढुरका झालेला आणि त्यावर रक्ताचे शिंतोडे. त्यांच्या सीडी४ पेशी ५० च्याही खाली होत्या. एचआयव्हीचं निदान त्यानंतर झालं.

मूत्रपिंडात झोपलेला जेसी विषाणू अशा वेळी मेंदूत पोचून तो पोखरू शकतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूचा संसर्ग शरीराला निपटता येत नाही, म्हणून एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सहापट असतो. प्रौढपणी हिपॅटायटिस बी झाला तर निरोगी माणूस तो बहुतेक वेळा झटकून टाकतो. एचआयव्ही असेल तर तो कायमचा होण्याची शक्यता कितीतरी वाढते. करोनाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या एका स्त्रीचा एचआयव्ही आटोक्यात नव्हता. तिच्या अंगात करोनाचा विषाणू सात महिन्यांहून जास्त काळ राहिला आणि तेवढ्या काळात त्याच्यात अनेक बदल होत गेले. एका मुरलेल्या विषाणूने दुसऱ्या, एरवी दोन आठवड्यांच्या पाहुण्यालाही मुरवून घेतलं.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांचा उपचार, नियमित चालू आहे. तरी हे सगळं मला होईल का?

नाही. हे मला अगदी ठासून सांगायचं आहे. गोळ्या नियमित घेतल्या, रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि सीडी४ वर चढले, की वरच्या उत्तरातलं बहुतेक सगळं टळतं. आपल्याकडे २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळते आणि २०१७ पासून सीडी४ कितीही असले तरी निदान झालं की लगेच उपचार सुरू होतात. ज्यांना फार उशिरा उपचार मिळाले त्यांच्यात पहिल्या काही आठवड्यांत एक उलटी गोष्ट घडू शकते: फौज एकदम जागी होते आणि आधीपासून लपलेल्या संसर्गावर तुटून पडते. तेव्हा ताप येतो, गाठी सुजतात, नागीण उठते. गोळ्या बाधल्या असं समजून लोक त्या बंद करतात. कृपा करून तसं करू नका, केंद्रावर या.

एचआयव्ही असेल तर लसी चालतात का, आणि लागू पडतात का?

चालतात, आणि त्यांची गरज इतरांहून जास्त असते. हिपॅटायटिस बी, फ्लू, एचपीव्ही या लसींमध्ये जिवंत विषाणू नसतो, त्या कोणत्याही सीडी४ ला देता येतात. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि पीतज्वर या लसींमध्ये कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो. सीडी४ २०० च्या खाली असताना त्या देत नाहीत.

लागू पडतात का, याचं उत्तर मात्र 'मोजून पाहा' असं आहे. हिपॅटायटिस बीच्या लसीला एचआयव्ही असलेल्यांचा प्रतिसाद कमी येतो. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासतात आणि ती किमान १० युनिट असावी लागतात. नसतील तर पुन्हा लस देतात, गरज पडली तर दुप्पट मात्रेत. सुरुवातीला ज्यांचा उल्लेख केला त्या दादांचा पहिला आकडा ४ आला होता. दुसऱ्यांदा पूर्ण कोर्स घेतल्यावर तो १०० च्या वर गेला. पहिल्या तीन डोसनंतर कुणी मोजलंच नसतं तर तेही आणि मीही निर्धास्त राहिलो असतो.

एचपीव्हीची लस आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही बनवली आहे, २०२३ च्या जानेवारीत ती बाजारात आली. एचआयव्ही असलेल्या मुलींना तिचे तीन डोस द्यायचे असतात, इतरांसारखे कमी डोस नाहीत.

मला हिपॅटायटिस बी आहे. डेंगी, फ्लू, करोना मला जास्त होईल का?

नाही. हिपॅटायटिस बीमध्येही टी-पेशी थकतात, पण थकतात त्या मुख्यतः त्याच विषाणूला ओळखणाऱ्या. बाकीची फौज जागेवर असते. एचआयव्हीशी त्याची गाठ घालून भीती बाळगू नका.

तुमचं दुखणं वेगळ्या ठिकाणी आहे, यकृतात. तिथे दुसरा विषाणू उतरला तर त्याला तोंड द्यायला यकृताजवळ शिल्लक कमी असते. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ निरोगी माणसाला महिनाभर लोळवते आणि सोडून देते. आधीच जखमी असलेल्या यकृताला ती निकामी करू शकते. २०१२ साली इचलकरंजीत हिपॅटायटिस ईची मोठी साथ आली होती. अशी साथ गावात आली की ज्यांना जुनं यकृताचं दुखणं आहे त्यांनी पाणी उकळूनच प्यायचं, बाहेरचा बर्फ आणि उसाचा रस बंद. आणि हिपॅटायटिस एची लस घेतलेली नसेल तर साथीची वाट न पाहता घ्यायची.

आणखी एक आहे, हिपॅटायटिस डी. १९७७ साली इटलीतल्या तुरीन इथे मारिओ रिझेटो यांनी हिपॅटायटिस बीच्या रुग्णांच्या यकृतात तो शोधला. या विषाणूला स्वतःचं वेष्टनसुद्धा नाही, तो बीचं वेष्टन उसनं घेऊनच बाहेर पडतो. म्हणजे बी नसेल तर डी पसरूच शकत नाही. अंगात मुरलेला एक विषाणू दुसऱ्याला दार उघडून देतो, याचं इतकं थेट उदाहरण दुसरं नसेल. बीची लस घेतली की एका दगडात दोन पक्षी.

हिपॅटायटिस सीच्या गोळ्या सुरू करायच्या आहेत. आधी बीची तपासणी का सांगितली?

कारण सी आणि बी एकाच यकृतात असले तर बहुतेक वेळा सी वरचढ असतो. त्याच्यामुळे यकृतात इंटरफेरॉन सतत वाहत असतो आणि बी दबून राहतो. आजच्या गोळ्या सीला साधारण १२ आठवड्यांत संपवतात, सरकारी कार्यक्रमात त्या मोफतही मिळतात. पण सी गेला की बीवरचा दाब जातो आणि तो उसळू शकतो. काही रुग्णांचं यकृत यात निकामी झालं, म्हणून २०१६ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने या गोळ्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. उपचारांआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या बीच्या दोन साध्या रक्ततपासण्या करायच्या. त्या सांगितल्या नसतील तर तुम्ही स्वतः विचारा.

असंच एचआयव्ही आणि बी एकत्र असलेल्यांचं. एचआयव्हीच्या टीएलडी या गोळीतली दोन औषधं दोन्ही विषाणूंवर चालतात. ती गोळी मध्येच सोडली तर एचआयव्ही वाढतोच, शिवाय बीही भडकतो. "गावाला गेलो होतो, दोन महिने राहिलं" असं सांगत पिवळे डोळे घेऊन आलेला माणूस मी विसरलेले नाही.

सीएमव्ही जवळजवळ सगळ्यांच्या अंगात असतो म्हणता. मग तो चांगला की वाईट?

मला या प्रश्नाचं फार कुतूहल आहे. झोपलेला म्हटलं तरी सीएमव्ही अधूनमधून कूस बदलतो आणि शरीराला त्याच्यावर पहारा ठेवावा लागतो. हा पहारा महाग असतो: सीएमव्ही असलेल्या माणसाच्या स्मृती टी-पेशींपैकी सरासरी १० टक्के या एकट्या विषाणूसाठी राखून ठेवलेल्या असतात. वय वाढतं तसा वाटा आणखी वाढत जातो. २०१५ साली स्टॅनफर्डमध्ये जुळ्यांवर अभ्यास झाला. एकाच्या अंगात सीएमव्ही आणि दुसऱ्याच्या अंगात नाही अशा एकसारख्या जुळ्यांत प्रतिकारशक्तीची अर्ध्याहून जास्त मोजमापं वेगळी निघाली. आईबाप तेच, गुणसूत्रं तीच, आणि एका विषाणूने दोघांची फौज वेगळी घडवली.

यावरून वाटेल की तो वाईटच. पण त्याच वर्षी असंही दिसलं, की तरुणांमध्ये सीएमव्ही असलेल्यांनी फ्लूच्या लसीला जास्त चांगली प्रतिपिंडं बनवली. म्हाताऱ्यांत हा फायदा दिसला नाही. त्याआधी २००७ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये हर्पिस कुळातले विषाणू सुप्त असलेल्या उंदरांना लिस्टेरिया आणि प्लेगचे जिवाणू टोचले होते आणि ते उंदीर तगले होते, कारण त्यांच्या भक्षक पेशी सतत थोड्या सावध असायच्या. हे संरक्षण काही महिन्यांत ओसरतं, हेही पुढे कळलं. माझं मत असं: सीएमव्हीला ना शत्रू म्हणावं ना मित्र. माणसाबरोबर तो युगानुयुगं राहत आला आहे आणि आपली प्रतिकारशक्ती त्याला धरूनच घडली आहे.

नागीण झाली म्हणजे प्रतिकारशक्ती संपली का?

संपली नाही, पण एका जागचा पहारा सैल झाला. वय, मधुमेह, स्टेरॉइड, मोठं आजारपण अशा कारणांनी कांजिण्यांचा जुना विषाणू नसेवाटे बाहेर येतो. तिशीतल्या धडधाकट माणसाला नागीण झाली तर मी एचआयव्हीची तपासणी सुचवतेच.

माझ्या सख्ख्या मावशीला नागीण झाली तेव्हा तिसऱ्या दिवशी मला कळलं. बरगडीवर काव लावून ठेवलेली, कुणीतरी मंत्र घालून गेलेलं, आणि घरात सगळ्यांना एकच धास्ती: तोंड शेपटीला मिळालं तर संपलं. कावेखालचे फोड दिसेनात म्हणून मी कोमट पाण्याने ती हळूहळू पुसली. पट्टा बरोबर मध्यरेषेवर येऊन थांबला होता, कारण एका बाजूची नस तिथेच संपते. मी मावशीचं बोट धरून त्या रेषेवरून फिरवलं आणि म्हटलं, "ही बघ, इथे थांबलीये. ही पलीकडे जाणार नाही." विळखा पूर्ण होऊन माणूस मरतो ही समजूत खोटी आहे. खरं नुकसान उशिराचं असतं: विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वांत जास्त उपयोग होतो. मावशीला पुढे सहा महिने त्या जागी साडीचा पदरही सहन होत नव्हता.

पन्नाशीनंतर नागिणीची लस घेता येते, भारतात ती २०२३ पासून मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नाही, दोन डोस लागतात.

जननेंद्रियावरच्या हर्पिसचा एचआयव्हीशी संबंध आहे का?

आहे. हा हर्पिस असलेल्यांना एचआयव्ही लागण्याची शक्यता सुमारे तिप्पट असते. आधी वाटायचं की कारण फक्त उघडी जखम. म्हणून जखमा होऊ नयेत यासाठी हर्पिसवरचं अॅसायक्लोव्हिर हे औषध रोज देऊन मोठे प्रयोग झाले. २००८ मध्ये निकाल आले: जखमा कमी झाल्या, एचआयव्ही कमी झाला नाही. पुढच्याच वर्षी सिॲटलच्या गटाने बऱ्या झालेल्या जागेची कातडी तपासली, तेव्हा उलगडा झाला. वरून त्वचा भरून आली होती, पण हर्पिसवर पहारा ठेवायला आलेल्या सीडी४ पेशी खाली महिनोन्महिने जमून होत्या. एचआयव्हीला नेमक्या याच पेशी हव्या असतात. म्हणून जखम नसतानाही निरोध वापरायचा.

गोवरही प्रतिकारशक्ती पुसतो म्हणतात. तो यातलाच का?

तो मुरत नाही, पण जाताना घर लुटून जातो. २०१९ साली नेदरलँड्समधल्या ७७ लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा त्यांची इतर आजारांविरुद्धची प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झालेली आढळली. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, लहान मुलं दगावली. "गोवर तर देवीचा, येऊन जातो" असं म्हणणाऱ्यांना हे सांगा.

प्रतिकारशक्ती वाढवायला कोणता काढा घेऊ?

कोणताही नको. वर पाहिलं तसं, बहुतेक वेळा अडचण प्रतिकारशक्ती कमी असण्याची नसून ती अडकून पडल्याची असते. यकृताचं जुनं दुखणं असलेल्यांनी तर गुळवेलीच्या काढ्यापासून लांबच राहावं. करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी त्यामुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केलेली आहे.

घरात एकाला हिपॅटायटिस बी आहे. बाकीच्यांनी काय करायचं?

सगळ्यांनी एचबीएसएजी तपासायचं, निगेटिव्ह असतील त्यांनी लस पूर्ण करायची. एकत्र जेवल्याने तो पसरत नाही, ताट वेगळं काढू नका. ब्लेड आणि टूथब्रश तेवढे ज्याचे त्याने वापरायचे.

घरात गरोदर बाई पॉझिटिव्ह असेल तर मात्र घाई आहे. तान्हेपणी हा विषाणू लागला तर १० पैकी ९ बाळांमध्ये तो कायमचा मुरतो, प्रौढांत २० मध्ये एकाहून कमी जणांत. आईच्या रक्तात विषाणू जास्त असेल तर शेवटच्या तिमाहीत तिला विषाणू दाबणारं टेनोफोव्हिर हे औषध देतात. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस लागतो आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन. प्रसूतीच्या तारखेच्या महिनाभर आधी दवाखान्यात जाऊन दोन गोष्टी विचारून ठेवा: हे इंजेक्शन त्यांच्याकडे फ्रिजमध्ये असतं की बाहेरून आणावं लागतं, आणि बाळ शनिवारी रात्री जन्मलं तर लस द्यायला रविवारी कोण असतं.